साडेसहाला येणारं ब्रीफ

पत्र: मी 26 वर्षांची, डोंबिवलीत राहते. लोअर परळच्या एका जाहिरात एजन्सीत दोन वर्षं कॉपीरायटर आहे. ऑफिस दहाला. दिवसभर किरकोळ कामं, आणि मोठं ब्रीफ (काय लिहायचं, कुणासाठी, याची सूचना) येतं संध्याकाळी साडेसहाला, "उद्या अकराला क्लायंटला दाखवायचंय" म्हणून. निघायला अकरा होतात, मग धावतपळत करी रोडहून गाडी पकडायची. मागचे तीन शनिवार-रविवार पिचमध्ये (नवा क्लायंट मिळवायच्या सादरीकरणात) गेले. सीडी (क्रिएटिव्ह डायरेक्टर) म्हणतात, "हा धंदाच असा आहे, आम्हीही असेच शिकलो." टाइमशीटमध्ये मात्र सगळेच आठ तास भरतात. माझी एक ओळ होर्डिंगवर लागली. ती जाहिरात अवॉर्डला गेली तेव्हा क्रेडिटमध्ये माझं नाव नव्हतं. तसं ऑफिस मजेचं आहे. कॅरम आहे, शुक्रवारी बिअर असते, "आपण फॅमिली आहोत" हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं. आता एका कंपनीच्या इन-हाउस टीमची (कंपनीच्या स्वतःच्याच जाहिराती करणाऱ्या टीमची) ऑफर आली आहे. घेऊ का? गेले तर क्रिएटिव्ह म्हणून संपेन का? आणि आर्ट पार्टनरला मागे टाकून जाणं बरं दिसेल का?
एक कॉपीरायटर, डोंबिवली

उत्तर: ऑफरला उत्तर द्यायची मुदत तुम्ही लिहिलेली नाही. तीन आठवडे मिळत असतील तर मागून घ्या. एक गोष्ट आधी मोजायची आहे, ती मोजल्याशिवाय घेतलेला निर्णय फक्त थकव्यातून घेतलेला असेल. आणि थकलेला माणूस एका एजन्सीतून निघून तशाच दुसऱ्या एजन्सीत जाऊन बसतो, हे या धंद्यात रोज दिसतं.

तुम्हाला अकरापर्यंत बसवणारी गोष्ट लिखाण नाही. हेडलाइन सुचायला वेळ लागतो हे खरं, पण तो दुपारी बारालाही तेवढाच लागतो. तुमची रात्र दुपारीच ठरलेली असते. क्लायंटची मीटिंग दोनला संपली आणि ब्रीफ तुमच्यापर्यंत साडेसहाला पोचलं, तर मधले साडेचार तास कुठे गेले? तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या साडेचार तासांत आहे.

उरलेलं अर्धं पैशात आहे. पूर्वी एजन्सीची कमाई मीडियाच्या खर्चावरच्या 15 टक्के कमिशनमधून व्हायची. आता बहुतेक ठिकाणी मासिक रिटेनर, म्हणजे दर महिन्याची ठरलेली फी, असतो, आणि रिटेनर ठरतो तो माणसांच्या तासांवर. समजा एका अकाउंटला, म्हणजे एका क्लायंटच्या कामाला, तुमचा अर्धा वेळ विकला आहे. 22 दिवस, रोजचे 8 तास, त्याचे निम्मे म्हणजे महिन्याला 88 तास. स्कोपमध्ये (ठरलेल्या कामात) 30 पोस्ट, 4 रील्स, कॅलेंडर आणि मीटिंगा. एक पोस्ट एकदाच्या बदलासकट दीड तासात होते असं धरलं तर 45 तास, रील्सचे 20, बाकीचे 20. झाले 85. कागदावर सगळं चोख बसतं. आता बदल एकदा न येता तीनदा आले आणि पोस्टला तीन तास लागले, की तोच महिना 130 तासांचा होतो. 45 तास जास्त, म्हणजे रोजचे दोन. तुमच्याकडे अशी दोन अकाउंट्स असतील तर रोजचे चार. दहाला येऊन तासाभराच्या जेवणासकट सातला निघणारा माणूस मग अकराला निघतो. यात कुणी तुमच्या वाइटावर असायची गरज नाही. हे तास कुणाच्याच बिलात नाहीत, एवढंच पुरेसं आहे.

म्हणून टाइमशीटमध्ये आठ तास भरणं ही या सगळ्यातली सगळ्यात महागात पडणारी सवय. तुम्ही बारा तास काम करून आठ भरता तेव्हा फायनान्सच्या तक्त्यात ते अकाउंट फायद्यात दिसतं. पुढच्या वर्षी रिटेनर वाढवून मागायला कुणाकडे आधार नसतो, आणखी एक लेखक मागायलाही नसतो. उद्यापासून खरे तास भरा. सिस्टिम आठच्या वर घेत नसेल तर जादा तास शेरा लिहायच्या रकान्यात टाका आणि महिनाअखेरीस एकत्र मेल करा. "असं भरू नकोस, वरून प्रश्न येतात" असं कुणी म्हटलं तर ते उत्तरही लक्षात ठेवा. कंपनीबद्दल बिअरपेक्षा त्यातून जास्त कळतं.

टाइमशीटच्या बरोबरीने तीन आठवडे स्वतःची एक वही ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. रोज दोन ओळी पुरतात, पण ठरावीकच गोष्टी लिहायच्या: ब्रीफ किती वाजता आलं, कुणाकडून, लेखी की तोंडी; लिखाण प्रत्यक्षात किती वेळ; वाट बघण्यात किती वेळ; बदल कशामुळे. नोंद साधारण अशी दिसेल: "मंगळवार. ब्रीफ 6:40, तोंडी. क्लायंटची मीटिंग 2 ला संपली होती. लिखाण 1 तास 20 मिनिटं. सीडींची वाट 1 तास. साडेनऊला बदल: रेराचा क्यूआर कोड राहिला."

शेवटचा शेरा मुद्दाम घेतला आहे. महाराष्ट्रात गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. हे सर्व्हिसिंगला (क्लायंट सांभाळणाऱ्या टीमला) माहीत असतं, क्लायंटला माहीत असतं, फक्त ब्रीफमध्ये नसतं. मग नऊला मंजूर झालेल्या लेआउटमध्ये कोपरा शोधायला सुरुवात होते, चौकोन बसवला की बॉडी कॉपीच्या (हेडलाइनखालच्या मजकुराच्या) दोन ओळी उडतात, आणि त्या छाटायला तुम्ही थांबता. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत जोखमीच्या इशाऱ्याचं हेच होतं. दहा सेकंदांच्या स्पॉटमध्ये तो इशारा बोलायचा आहे हे स्क्रिप्ट पास झाल्यावर कळलं, तर उरलेल्या सेकंदांत सगळं नव्याने लिहावं लागतं.

तीन आठवड्यांनी वही चाळलीत तर बहुधा दोन गोष्टी ठळक दिसतील. पहिली, ब्रीफ तोंडी आणि अर्धवट येतं. दुसरी, जी कुणी उघड बोलत नाही: रांग सीडींच्या टेबलापाशी लागते. दिवसभर ते शूटवर, पिचमध्ये, क्लायंटकडे. चार टीमचं काम बघायला मोकळे होतात सातनंतर. तुमची कॉपी चारला तयार असली तरी ती आठला बघितली जाते आणि तिच्यावरचे बदल दहाला. यात आळस कुणाचाच नाही, फक्त बघणारा एक आणि दाखवणारे बारा.

ब्रीफसाठी भांडू नका. सर्व्हिसिंगवालेही क्लायंटच्या आणि तुमच्या मध्ये भरडले जातात. त्याऐवजी तोंडी ब्रीफ ऐकल्यावर पाच मिनिटांत तुम्हीच ते लिहून परत पाठवा: सांगायची एकच गोष्ट कोणती, कुणाला, लोकांनी ती का मानावी, कुठे लागणार आणि किती मापात किंवा किती सेकंदांत, सक्तीचा मजकूर कोणता, शेवटची मंजुरी कुणाची आणि कधी. ज्याचं उत्तर मिळालं नाही तिथे मोकळी जागा सोडून पुढे प्रश्नचिन्ह. बहुतेक वेळा "शेवटची मंजुरी कुणाची" हीच जागा रिकामी राहते, आणि त्या महिन्यातले निम्मे बदल तिथूनच आलेले असतात. ब्रँड मॅनेजरने पास केलेलं काम त्यांच्या साहेबांनी पहिल्यांदा बघितलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

बदलांचंही तसंच. "थोडं प्रीमियम वाटू दे", "पॉप होत नाहीये" अशा शेऱ्यांवर लगेच लिहायला बसू नका. आधी विचारा की नक्की कोणता शब्द किंवा कोणती ओळ खटकते, आणि ती खटकण्याचं कारण ब्रीफमध्ये आहे का. व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लायंटकडचे तिघे तीन दिशांना बोलत असतील तर सर्व्हिसिंगकडे एकच मागणी ठेवा: तिघांचं एकमत एका मेलमध्ये येऊ दे, मग तासाभरात देते. हे नम्रपणे आणि दर वेळी करायचं. एकदाच चिडून केलं तर तुम्ही "डिफिकल्ट" ठरता. दर वेळी केलंत तर महिन्याभरात ती तुमच्या टीमची रीत होते.

साडेसहाच्या ब्रीफला सरळ नाही म्हणायची गरज नाही. असा मेसेज पाठवा: "हे आज केलं तर उद्याच्या चार पोस्ट दुपारी तीनच्या आधी मिळणार नाहीत. उद्या सकाळी केलं तर साडेदहाला तीन हेडलाइन देते. कोणतं आधी हवंय?" निवड समोरच्याने करायची, लेखी करायची. अकराची मीटिंग खरी असेल तर तसं उत्तर येईल आणि तुम्ही बसा. पुष्कळदा कळतं की मीटिंग परवा आहे आणि सर्व्हिसिंगने स्वतःच्या धास्तीपोटी एक दिवस हातचा ठेवला आहे.

पिचचं गणित वेगळं. आपल्याकडे बहुतेक पिच फुकट असतात, जिंकलं तर पैसे. दहा दिवसांच्या पिचमध्ये पहिले सहा-सात दिवस स्ट्रॅटेजी डेकवर (सादरीकरणाच्या स्लाइड्सवर) घासले जातात आणि क्रिएटिव्हला उरतात शेवटचे तीन, त्यात शनिवार-रविवार. म्हणून पिचची मेल आली त्याच दिवशी विचारा की क्रिएटिव्ह कोणत्या तारखेला सुरू होणार आणि ती तारीख पुढे गेली तर ऑप्शन्स किती कमी होतील. तीन रूट (वेगवेगळ्या दिशांच्या कल्पना) तीन दिवसांत होत नाहीत, एक नीट रूट होतो. गेलेल्या रविवारची बदली सुट्टी दुसऱ्याच दिवशी मेलवर मागा, तारखेसकट. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची बदली दोन महिन्यांत द्यायची तरतूद आहे. "नंतर कधीतरी घे" म्हटलेली सुट्टी या धंद्यात कधीच मिळत नाही.

आणि ती करी रोडची धावपळ. त्याच कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्री कर्मचाऱ्याला काम सांगायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेबरोबरच ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय मालकाने करायची असते. दारापर्यंत, स्टेशनपर्यंत नव्हे. आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मोबदला हेही त्यात आहे. मात्र कॉपीरायटर त्या कायद्याच्या अर्थाने कामगार ठरतो का यावर कंपनीचा वकील वाद घालू शकतो, त्यामुळे कलमं तोंडावर फेकू नका. प्रकरण तिथवर गेलंच तर कामगार कायद्याचा वकील गाठा. सध्या एचआरला साधी मेल पुरे: साडेनऊनंतर थांबावं लागलं तर घरापर्यंत कॅबची सोय कशी असेल? यात तुमची सुरक्षितता आहेच. शिवाय डोंबिवलीपर्यंतच्या कॅबची बिलं महिन्याला पंधरा-अठरा जमली की जी रात्र आजवर फुकट वाटत होती तिला एक आकडा चिकटतो. मग साडेसहाच्या ब्रीफची चौकशी तुम्हाला करावी लागत नाही, फायनान्सच करतं.

"हा धंदाच असा आहे" या वाक्याबद्दल. टोकियोतल्या देन्त्सू या जाहिरात एजन्सीत 2015 च्या डिसेंबरमध्ये 24 वर्षांच्या एका कर्मचारी मुलीने जीव दिला. त्याआधी तिचं जादा काम महिन्याला 100 तासांवर गेलं होतं. अध्यक्षांना पद सोडावं लागलं, 2017 मध्ये न्यायालयाने कंपनीला 5 लाख येनचा दंड केला, आणि ऑफिसचे दिवे रात्री दहाला बंद होऊ लागले. दिवे बंद झाल्याने सगळं सुधारतं असं नाही. लोक लॅपटॉप घरी नेतात. पण धंदा "असाच" असतो हे खोटं आहे हे कळायला तेवढं पुरे. तुमच्या सीडींचा हेतू वाईट असेल असं पत्रावरून वाटत नाही. ते ज्या काळात शिकले तेव्हा कॅम्पेनला आठवडे मिळायचे आणि महिन्याला तीस पोस्ट नसायच्या, हे मात्र ते विसरतात. झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडत असेल, तर तीन आठवड्यांची वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो.

पहिला आठवडा झाला की सीडींशी बोलायला वही घेऊन जा, तक्रार घेऊन नको. वेळ मंगळवार-बुधवारची सकाळ. शुक्रवारी बिअरच्या ग्लासासमोर तर मुळीच नको. मागणी एकच ठेवा: रोज रिव्ह्यूच्या दोन ठरलेल्या वेळा, साडेबारा आणि साडेचार, पंधरा-पंधरा मिनिटं, ते शूटवर असतील तर फोनवर. साडेचारला बघितलेलं काम सातला सुटतं. "दोन आठवडे करून बघू या का?" एवढंच विचारा. त्यांनी दोन आठवडे खरंच पाळलं तर ही जागा राहण्यासारखी आहे. "बघू या" म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा रात्री आठला बोलावलं तर ऑफरचा विचार मोकळ्या मनाने करा. फॅमिली असल्याचा दावाही तिथेच तपासा: रात्री एकला गेलेल्या माणसाला सकाळी सव्वादहाला लेट मार्क लागतो का, आणि सातला निघणाऱ्याला "हाफ डे का?" हा विनोद ऐकावा लागतो का. हा विनोद जिथे रोजचा आहे तिथल्या कॅरमचं कौतुक नको.

क्रेडिटची गोष्ट वाटते त्यापेक्षा साधी आणि म्हणूनच जास्त चीड आणणारी. अवॉर्डच्या अर्जातली नावं बहुधा शेवटच्या तासाला, ज्याने ते काम केलंच नाही असा कुणीतरी भरतो. त्याला आठवतात ती वरची नावं. उपाय अर्जाच्या वेळी करायचा नसतो. काम रिलीज होईल त्याच दिवशी सीडी आणि सर्व्हिसिंगला एक मेल: होर्डिंगचा फोटो, तारीख, आणि खाली लेखन कुणाचं, आर्ट कुणाचं, आर्टवर्क स्टुडिओतून कुणी काढलं. नावं तयार मिळाली की भरणारा ती उतरवून घेतो. गेलेल्या अर्जासाठी एकदा विचारा, दुरुस्ती होत असेल तर होईल. पण उलट धोकाही लक्षात घ्या: अवॉर्डसाठीच काढलेल्या, क्लायंटने पास न केलेल्या कामावर आपलं नाव हौसेने चढवू नका. 2013 मध्ये जेडब्ल्यूटी इंडिया या एजन्सीची फोर्ड फिगो गाडीची मंजुरी नसलेली पोस्टर्स इंटरनेटवर गेली, जगभर गदारोळ झाला आणि एजन्सीतल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. क्लायंटची मंजुरीची मेल बघितल्याशिवाय क्रेडिट नको.

आता ऑफर. इन-हाउसला गेल्याने कुणी संपत नाही. एजन्सीच्या पाटीवरही फार जीव लावू नये: 1864 मध्ये सुरू झालेल्या एजन्सीचं जे. वॉल्टर थॉम्पसन (म्हणजेच जेडब्ल्यूटी) हे नाव 2018 मध्ये वंडरमन थॉम्पसन झालं आणि 2023 मध्ये व्हीएमएलमध्ये विलीन करायचं जाहीर झालं. खरा प्रश्न त्या टीमकडे काम कोणतं येतं हा आहे. मागच्या तीन महिन्यांत त्यांनी स्वतः केलेल्या कामांची यादी मागा. मोठी फिल्म आणि लाँच बाहेरची एजन्सी करते आणि आतली टीम त्याचे बॅनर, मेलर आणि सणांच्या पोस्ट करते असं दिसलं, तर तुम्हाला वेळ मिळेल पण बुकमध्ये (कामांच्या पोर्टफोलिओत) भर पडणार नाही. दोन वर्षांच्या लेखकाला ही किंमत जड जाते, दहा वर्षांच्याला जात नाही. लाँचची कल्पना, स्क्रिप्ट, फिल्म आतच होत असेल आणि वर लिखाणाची जाण असलेला माणूस असेल, तर जा. एकाच ब्रँडवर दोन वर्षं राहणारा लेखक त्याचं प्रॉडक्ट इतकं ओळखतो, तितकं एजन्सीत क्वचित कुणाला जमतं.

पार्टनरबद्दल अपराधी वाटून घेऊ नका, पण त्यांना ही बातमी तुमच्याकडून आणि सगळ्यांत आधी कळू दे. लेखक आणि आर्ट डायरेक्टर यांना जोडीने बसवायची पद्धत न्यूयॉर्कमध्ये 1949 मध्ये सुरू झालेल्या डीडीबी या एजन्सीत तिचे एक संस्थापक बिल बर्नबाक यांनी रुजवली. तेव्हापासून जोड्या जमतात, फुटतात, एकत्र दुसरीकडे जातातही. इन-हाउसला आर्टची जागा आहे का हे एकदा विचारायला हरकत नाही. नसेल तर दोघांनी मिळून केलेली कामं दोघांच्या बुकमध्ये एकमेकांच्या नावासकट जातील एवढं ठरवून घ्या.

बुकमध्ये आठ-दहा कामं पुष्कळ. प्रत्येकाला ब्रीफच्या दोन ओळी आणि तुम्ही त्यात नक्की काय केलं ते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनीच असते. त्यामुळे प्रसिद्ध झालेलं कामच ठेवा. पिचचे डेक आणि न आलेली कॅम्पेन्स घेऊन जाऊ नका. प्रसिद्ध कामांच्या लिंक आणि फोटो आजच गोळा करायला लागा, कारण राजीनाम्यानंतर लॅपटॉप आणि मेल कधी बंद होतील सांगता येत नाही.

नियुक्तीपत्रातली नोटीस शांतपणे वाचा: 90 दिवस आहेत का 60, पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि ते पैसे बेसिकवर मोजतात की पूर्ण पगारावर, या दोन आकड्यांत बराच फरक पडतो. नव्या कंपनीला रुजू व्हायची तारीख हे बघूनच द्या. शिल्लक रजा नोटिशीत वळती होते का हे एचआरकडून लेखी घ्या. राजीनामा सीडींना समोर बसून सांगा आणि त्याच दिवशी मेल करा. तोंडी सांगून "आठवडाभर थांब, काहीतरी करू" यात अडकलात तर तो आठवडा वाया जातो. नोटिशीचे दिवस मेलच्या तारखेपासून मोजतात.